बुरशी लागलेला मका वाळवून गाईंना घातला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परतीच्या पावसात मक्याची कणसं भिजली, चार-पाच दिवस ढिगातच राहिली. मळणीनंतर ४० पोती भरली आणि आता काही पोत्यांत हिरवट-पिवळी बुरशी दिसते. व्यापाऱ्याने मूठभर माल हातात घेऊन वास घेतला आणि नको म्हणाला. गोठ्यात सात दुभत्या गाई आहेत. कोणी सांगतं कडक ऊन दाखवा, कोणी सांगतं भरडा शिजवून घाला, दुकानदार म्हणतो बाइंडर (विष धरून ठेवणारी पावडर) टाका आणि बिनधास्त वापरा. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की घरच्या भाकरीसाठी पायलीभर वेगळा काढलाय.

भाकरीचं आधी सांगतो. तो मका खाऊ नका, पोरांना तर अजिबात देऊ नका. कारण पुढे येईलच.

तुम्ही विचारलंय ते बुरशी घालवण्याबद्दल. ती घालवणं अवघड नाही, दोन उन्हांत ती मरते किंवा निदान झोपी जाते. अडचण तिने आधीच करून ठेवलेल्या विषाची आहे. हिरवट-पिवळी बुरशी बहुतेक वेळा ॲस्परजिलस फ्लेवस असते आणि ती दाण्यात अफ्लाटॉक्सिन सोडते. या विषाला रंग, वास, चव काहीच नाही. बुरशी झटकून टाकली, दाणा धुतला, वाळवून खणखणीत केला तरी ते आत तसंच राहतं. उलटही होतं: बुरशी डोळ्यांनी भरपूर दिसते आणि तपासणीत विष जवळपास सापडत नाही, कारण या बुरशीचा प्रत्येक वाण विष करतोच असं नाही. म्हणून माल नुसता बघून "चालेल" किंवा "फेका" असं ठामपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. मीही तुमच्या ४० पोत्यांबद्दल आकडा हातात आल्याशिवाय तसं सांगणार नाही.

शिजवण्याचा सल्ला तर सरळ बाजूला ठेवा. अफ्लाटॉक्सिनचा मुख्य प्रकार म्हणजे बी-१, तो मोडायला २६० अंशांच्या वरची उष्णता लागते. भरडा उकळताना १०० अंशांच्या वर जात नाही. भट्टीत भाजल्यावर थोडं कमी होतं, पण किती ते दर खेपेला वेगळं. दुधाचंही तसंच. तापवून, पाश्चराइज करून त्यातलं विष जात नाही.

आता गाईच्या पोटात काय होतं ते बघू, कारण निर्णय तिथेच होतो. खुराकातलं बी-१ गाईच्या यकृतात बदलून एम-१ होतं आणि दुधात उतरतं. खाल्ल्यापासून २४ तासांच्या आत ते दुधात दिसायला लागतं. खाणं बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा साफ होतं, ही त्यातली चांगली बाजू. साधारण १ ते २ टक्के बी-१ दुधात येतं, जास्त दुधाच्या गाईत हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत जातं. आपल्याकडे अन्नसुरक्षा नियमांनुसार दुधात एम-१ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पशुखाद्यासाठी भारतीय मानकात बी-१ची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम.

उदाहरण घेऊ. १२ लिटरची गाय. मक्याचा भरडा ३ किलो, त्यात बी-१ ६० पीपीबी, म्हणजे १८० मायक्रोग्रॅम. २ टक्के दुधात आलं तर ३.६ मायक्रोग्रॅम, १२ लिटरला भागलं की ०.३. मर्यादेच्या आत दिसतं, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. पण त्याच दावणीत सरकीची ढेपही पडते. २ किलो ढेपेत ४० पीपीबी धरले तर आणखी ८० मायक्रोग्रॅम आले. एकूण २६०. २ टक्क्यांनी दुधात ०.४३, आणि गाय चांगल्या दुधाची असल्याने ३ टक्के उतरलं तर ०.६५. मर्यादा ओलांडली. मक्याचा दोष शोधताना ढेप विसरायची नाही. सरकी आणि शेंगदाण्याची पेंड या दोन्ही अफ्लाटॉक्सिनच्या जुन्या वाटा आहेत. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले आणि हे विष जगाला कळलं, तेही शेंगदाण्याच्या पेंडीतूनच.

डेअरी दूध परत करेल एवढ्यापुरतीच ही भीती ठेवू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यातल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. भेसळीचा जेवढा गाजावाजा होतो, त्यापेक्षा हा प्रश्न मोठा निघाला, आणि त्याचं मूळ गोठ्यातल्या खाद्यात आहे. एक बारकावा: एम-१ दुधाच्या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे पनीर केलं तर ते तिथे साठतं आणि खव्यात पाणी आटल्यामुळे वाढतं. तुपात फारसं उतरत नाही. पण म्हणून "तूप करून विकू" असा विचार करू नका, ताक आणि चोथा घरातच राहणार.

तर आता करायचं काय? तिन्ही सल्ले बाजूला ठेवून पहिलं काम म्हणजे पोत्यांची वाटणी. सगळी ४० पोती एकत्र ओतून मिसळू नका, "थोडं थोडं सगळ्यात गेलं की कळत नाही" हा विचार तर नकोच. तीन ढीग करा. एक, जो मका वरच्या अंगाच्या रानातला होता, लवकर सुकला, ज्यात दाणे चकचकीत आहेत आणि हात घातला तर आत गार, कोरडं लागतं. दोन, ज्यात मधूनमधून बुरशीचे दाणे आहेत पण माल मोकळा आहे. तीन, ज्यात दाणे एकमेकांना चिकटून खडे झालेत, कुबट वास येतो, आत हात घातला की ऊब लागते. हा तिसरा ढीग तपासायलाही पैसे घालू नका. तो गेला. हे काम करताना नाकातोंडाला मास्क लावा. ही धूळ छातीत गेलेली चांगली नाही, आणि घरात दम्याचा माणूस असेल तर त्याला लांब ठेवा.

पहिले दोन ढीग स्वच्छ करा, पण वेगवेगळे. आधी साधारण ५ मि.मी. गोल छिद्राच्या चाळणीतून काढा. खाली पडणारी कणी, तुकडे, भुकटी यांतच विषाचा मोठा वाटा असतो, कारण फुटलेल्या दाण्यात बुरशीला आत शिरायला वाट मोकळी असते. ही चाळणीखालची कणी कोंबड्यांना टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. ती टाकू नका. कोंबडी गाईपेक्षा नाजूक, आणि बदक तर फारच. मग पंख्यासमोर उफणून हलका, पोचट दाणा उडवून लावा. त्यानंतर ताडपत्रीवर पातळ पसरून हिरवट, काळपट, अळीने पोखरलेले दाणे हाताने वेचा. लष्करी अळी लागलेल्या कणसांचा शेंड्याकडचा भाग बघितला असेल तर कळेल, बुरशी तिथूनच आत जाते. एवढं नीट केलं की विषाचा बराच भार उतरतो. किती, ते मालागणिक बदलतं.

आता नमुना. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पोत्याच्या तोंडातून एक ओंजळ घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि पाठवली, तर आलेला आकडा तुमच्या मालाचा नसतो, त्या ओंजळीचा असतो. कारण विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्याच दाण्यात प्रचंड साठलेलं असतं. एका सडक्या दाण्यात १ लाख पीपीबी आहे असं धरा. मक्यात याहून जास्तही सापडलंय. त्या दाण्याचं वजन ०.३ ग्रॅम, त्यात विष ३० मायक्रोग्रॅम. हा एक दाणा दीड किलो स्वच्छ मक्याला २० पीपीबीवर नेऊन ठेवतो. दीड किलोत सुमारे ५,००० दाणे. पाच हजारांतला तो एक तुमच्या ओंजळीत आला तर आकडा आभाळाला भिडतो, नाही आला तर "माल शुद्ध". दोन्ही खोटं.

म्हणून प्रत्येक पोत्यातून परखीने (पोत्यात खुपसायच्या पोकळ सळईने) तीन ठिकाणांहून माल काढायचा: वरून, मधून, तळातून. प्रत्येक वेळी साधारण १०० ग्रॅम. एका ढिगात १५ पोती असतील तर साडेचार किलो जमतं. हे सगळं दळायचं, दाणा म्हणून वेगळं काही ठेवायचं नाही. घरच्या भरड्याच्या यंत्रावर दळा आणि नंतर ते यंत्र झाडून घ्या. गावच्या पिठाच्या गिरणीवर नेऊ नका, तुमच्यामागून कोणाचं तरी भाकरीचं पीठ यायचं असतं. दळलेलं ताडपत्रीवर नीट कालवा, वर्तुळात पसरा, चार भाग करा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा, पुन्हा कालवा. असं करत अर्धा ते एक किलो उरलं की तो नमुना. माल ओलसर असेल तर कापडी किंवा कागदी पिशवीतच भरा, प्लॅस्टिकमध्ये वाटेत पुन्हा बुरशी वाढते. प्रत्येक ढिगाचा एक नमुना, म्हणजे तुमचे दोनच होतील.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची बघा आणि देताना स्पष्ट सांगा की बी-१ वेगळं हवं. काही ठिकाणी बी-१, बी-२, जी-१, जी-२ मिळून एकूण आकडा देतात. फक्त एकूण मिळाला तर तो सगळा बी-१ धरून चाला, चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. झटपट पट्टीची तपासणी प्राथमिक चाळणीला ठीक आहे. निळ्या-जांभळ्या दिव्याखाली हिरवट-पिवळी चमक बघण्याची पद्धत मात्र निर्णयाला पुरत नाही. ती चमक बुरशीच्या दुसऱ्याच एका पदार्थामुळे येते; विष नसताना दिसू शकते आणि विष असूनही दिसत नाही.

आकडा आल्यावर मी हिशोब असा लावतो. १२ लिटरच्या गाईच्या दुधात मर्यादेच्या निम्म्यावर, म्हणजे ०.२५ वर थांबायचं. म्हणजे दुधात एकूण ३ मायक्रोग्रॅम. ३ टक्के उतरतं धरलं तर त्या गाईला दिवसाला सगळ्या खाद्यातून मिळून १०० मायक्रोग्रॅम बी-१ एवढंच बजेट. त्यातले ४० ढेपेसाठी बाजूला ठेवले (२ किलो ढेप, २० पीपीबी). मक्याला उरले ६०. मका २० पीपीबीच्या आत असेल तर तुमचा ३ किलो भरडा आरामात बसतो. ४० पीपीबी असेल तर दीड किलो, बाकीची ऊर्जा स्वच्छ मक्यातून किंवा गव्हाच्या भुशातून द्या. ५० च्या वर गेला की जेमतेम किलोभर बसतो आणि एवढ्यासाठी रोज मोजमाप करत बसण्यात अर्थ नाही, मी तो दुभत्या गाईला घालत नाही. गाभण गाय आणि वासरं यांना संशयाचा मका कुठल्याच आकड्यावर नको. वासराचं रवंथीचं पोट तयार झालेलं नसतं, त्यामुळे मोठ्या जनावराच्या पोटात थोडंफार जे मोडलं जातं तेही तिथे मोडत नाही.

अमेरिकेत दूध न देणाऱ्या, मांसासाठी वाढवलेल्या मोठ्या जनावरांना ३०० पीपीबीपर्यंत मका चालवतात, हे वाचून कोणी तुम्हाला सांगेल. तिथलं गणित वेगळं आहे: दूध नाही आणि जनावराचं आयुष्य थोडं. तुमची गाय पुढची पाच-सहा वेतं द्यायची आहे.

बाइंडरबद्दल. तो खोटा नाही, पण दुकानदार सांगतो तेवढा खराही नाही. बेंटोनाइटसारखी माती किंवा त्याच जातीचे ॲल्युमिनोसिलिकेट अफ्लाटॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात आणि शेणावाटे बाहेर नेतात. खाद्याच्या अर्धा ते १ टक्का प्रमाणात घातलं तर दुधातलं एम-१ साधारण पाव ते निम्म्यापर्यंत उतरतं, शून्यावर येत नाही. म्हणून १०० पीपीबीचा मका बाइंडर घालून ५० चा होतो असं समजून बजेट वाढवू नका. बजेटमध्ये बसलेल्या मक्यावर जास्तीचा आधार म्हणून घाला. पिशवीवर घटक वाचा. नुसतं "टॉक्सिन बाइंडर" लिहिलेलं असेल आणि घटकच नसतील तर घेऊ नका. खुराकावर वरून भुरभुरून उपयोग नाही, भरड्यात एकजीव व्हायला हवा. आणि हे मातीचे बाइंडर मुख्यतः अफ्लाटॉक्सिनवरच चालतात. मक्यावर पांढरट-गुलाबी बुरशी असेल तर ती बहुधा फ्युझारियम, तिचं विष, फ्युमोनिसिन, या मातीला फारसं दाद देत नाही. गाय फ्युमोनिसिन बऱ्यापैकी सहन करते, घोडा करत नाही, त्याचा मेंदूच नासतो. गोठ्याशेजारी घोडी बांधलेली असेल तर तिला यातला एक दाणाही नको.

थोडक्यात क्रम असा: तीन ढीग, चाळून-उफणून-वेचून दोन स्वच्छ, त्यांचे नीट दोन नमुने, मग आकड्याप्रमाणे वाटा. आकडा येईपर्यंतचे आठ-दहा दिवस गाईंना विकतचा मका घाला. तो खर्च सोसतो.

आता त्या पायलीचं. १९७४ च्या ऑक्टोबरात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसाने कणसं भिजली. भिल्ल वस्त्यांनी तोच मका खाल्ला, दुसरं धान्य घरात नव्हतं. कावीळ, पोटात पाणी. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. त्याच घरातली, तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. त्या मक्यात ६,००० ते १५,००० पीपीबी विष होतं. तुमचा मका तिथपर्यंत गेला असेल असं मी म्हणत नाही. पण कमी प्रमाणात रोज खाण्यानेही यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि घरात कोणाला बी प्रकारची कावीळ असेल तर तो अनेक पटींनी वाढतो. माणसाच्या धान्याची मर्यादा एकूण १५ पीपीबी आहे, म्हणजे जनावरांपेक्षा कडक. भाकरीसाठी दुसरं धान्य विकत घ्या, आणि ती पायली कुत्र्याच्या भाकरीतही जाऊ देऊ नका.

तिसऱ्या ढिगाचं काय करायचं? गोठ्यापासून लांब, शेणाबरोबर कंपोस्ट करा आणि वर मातीचा थर द्या, म्हणजे कोंबड्या उकरणार नाहीत. इथेनॉलवाला घेतो असं ऐकलं असेल. तयार इथेनॉलमध्ये विष उतरत नाही, खरं आहे. पण ते मागे उरलेल्या चोथ्यात जवळजवळ तिप्पट होतं, आणि तोच चोथा डीडीजीएस नावाने पशुखाद्यात परत येतो. सध्या तो स्वस्त मिळतो म्हणून गोठ्यांत वाढलाय. तुम्ही घेत असाल तर बी-१चा अहवाल मागा आणि वरच्या बजेटमध्ये तोही मोजा.

पुढच्या हंगामासाठी एकच गोष्ट नीट करा: काढणी आणि वाळवणी यांच्यामधला वेळ कमी करा. काढणीच्या वेळी दाण्यात २० ते २५ टक्के ओल असते. ही ओल आणि ऑक्टोबरची ऊब मिळाली की बुरशीला दोन दिवस पुरतात. त्यामुळे सोललेली नाहीत अशी कणसं ढिगात ठेवू नका, पाऊस आला तर ढिगावर ताडपत्री झाकून आत वाफ कोंडू नका. सोला, छपराखाली पातळ पसरा, पंखा लावा. उघडीप मिळाली की दाणा ताडपत्रीवर ३ ते ५ सें.मी. थरात, तासातासाला पालटत, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा. नुसत्या जमिनीवर कधीच नको, बुरशीचे बीजाणू मातीतच असतात.

ओल तपासायला मीटर नसेल तर मिठाची बाटली चालते. काचेची पारदर्शक, अगदी कोरडी बाटली घ्या. तव्यावर गरम करून गार केलेलं मीठ दोन-तीन चमचे, आणि तिसरा हिस्सा भरेल एवढा मका. झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा, १५ मिनिटं ठेवून द्या. काचेला मीठ चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं म्हणजे १५ च्या खाली आलात एवढंच, साठवणीला १२ ते १३ हवी. म्हणून मीठ चिकटणं बंद झालं की त्यानंतर अजून एक-दोन चांगली उन्हं द्या आणि मग पोती भरा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट लांब. भरडा आठवड्याच्या गरजेपुरताच करा, दाणा फुटला की त्याचं कवच गेलं.

अहवाल आले की दोन्ही ढिगांचे आकडे, प्रत्येक गाईचं दूध, आणि ढेप किती व कुठली घालता ते लिहा. सातही गाईंचं वाटप मांडून देतो. गाभण गाई कोणत्या तेही कळवा.